न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेनंतर

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तेव्हा तीर्थयात्रा करत पुराणं सांगत फिरत होतं. जवळचं होतं-नव्हतं ते दानधर्मात संपलं होतं. उपास, अनुष्ठानं, प्रदक्षिणा, नवस, यातलं काहीही करायचं त्यांनी ठेवलं नाही. शेवटी पाणी आणि झाडाचा पाला यांवर दिवस काढायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. मागे राहिलेली रमा, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई, भावासोबत चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. पुढे १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पतीही गेले.

ख्रिस्ती प्रार्थनेत विश्वासाचं स्थान काय, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर घासून पाहावा असं मला वाटतं ते यासाठी. प्रार्थना करता करता माणसं उपाशी मरतात, हे या बाईने घरातच पाहिलं होतं. आणि त्याच बाईने पुढे केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ संस्थेत हजारो मुलीबायकांच्या दोन वेळच्या जेवणाचा भार प्रार्थनेवर टाकला. भाबडेपणाचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.

शुभवर्तमानांत विश्वासाबद्दल जे आहे ते एकसुरी नाही. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलेल, असं येशू एके ठिकाणी सांगतो. त्याच्या स्वतःच्या गावी, नासरेथात, लोकांचा विश्वास नव्हता म्हणून त्याच्या हातून फारशी अद्भुत कृत्यं झाली नाहीत, असं मार्क लिहितो. एवढंच वाचलं तर वाटेल की विश्वास म्हणजे मोजायचं नाणं, पुरेसं टाकलं की वस्तू मिळते. पण त्याच मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे आणि तो अपुराही आहे, तूच सांभाळून घे, असं तो एका दमात बोलतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. दुसऱ्या अध्यायात पक्षाघाताच्या रोग्याला चार जण छप्पर उकलून खाली सोडतात. विश्वास दिसतो तो त्या आणणाऱ्यांचा. रोग्याच्या तोंडी तर एक शब्दही नाही. दुसऱ्याच्या वतीने विश्वास ठेवता येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. केडगाव समजायचं तर तीच लक्षात ठेवावी लागते.

आणि मग गेथशेमानेची बाग. तिथे प्रत्यक्ष येशूच दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागतो आणि तो टळत नाही. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, तोही निघाला नाही. यांच्यात विश्वास कमी पडला असं कोणताही ख्रिस्ती म्हणणार नाही. ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून मूल वाचलं नाही’ असं दुःखातल्या आईबापांना ऐकवणारे लोक या दोन प्रसंगांचं काय करतात, मला कळत नाही. ते बोलणं क्रूर आहेच, शिवाय शास्त्रालाही धरून नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी आठ वर्षं जावी लागली. विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचताना ही उणीव त्यांना जाणवली. मधल्या काळात वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांनी सिद्धान्तांवरून खूप वाद घातले, ते पत्रांमधून उपलब्ध आहेत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत मुलीबायकांसाठीचं त्यांचं शारदा सदन सुरू झालं, ते या आठ वर्षांतच. म्हणजे संस्था आधी उभी राहिली आणि ज्याला त्या खरा विश्वास म्हणतात तो नंतर आला.

शारदा सदनला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता. मुदत संपल्यावर काय, या विचारात असताना त्यांच्या हाती तीन पुस्तकं आली. एक जॉर्ज म्युलरबद्दल, एक हडसन टेलरच्या चायना इनलँड मिशनबद्दल आणि एक जॉन पेटनचं चरित्र. यातला म्युलर (१८०५–१८९८) हा प्रशियात जन्मलेला आणि ब्रिस्टलमध्ये स्थायिक झालेला गृहस्थ. एप्रिल १८३६ मध्ये त्याने अनाथगृह काढलं, पुढे अॅशली डाऊनवर पाच मोठ्या इमारती बांधल्या आणि त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय केली. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, गरज फक्त देवापुढे मांडायची, हा त्याचा नेम. अनाथांची सेवा हे आपलं दुय्यम उद्दिष्ट आहे, हे त्याने उघड लिहून ठेवलं. देव आजही प्रार्थना ऐकतो हे दुबळ्या विश्वासाच्या माणसांना डोळ्यांनी दिसावं, हे पहिलं. सुरुवातीला त्याने घरासाठी, पैशासाठी, माणसांसाठी प्रार्थना केल्या आणि मुलांचे अर्ज स्वीकारायचा दिवस ठरवला, तर एकही अर्ज आला नाही. मुलं यावीत म्हणून प्रार्थना करायची राहून गेली होती! ती त्याने केली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. म्युलर दरवर्षी छापील अहवाल काढायचा, रमाबाईंचं ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे नियतकालिक परदेशात जायचं. मग हे मागणं नाही तर काय? माझ्या मते थोडंफार मागणं त्यात आहेच. पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक आण्याचा हिशेब समोर ठेवणं ही या विश्वासाची अटच होती. देवाच्या भरवशावर आहोत म्हणणाऱ्याने वही बंद ठेवली, तर तो भरवसा कोणी तपासायचा?

भारतातही असा भरवसा ठेवता येईल का, असं रमाबाईंनी ती पुस्तकं वाचून स्वतःला विचारलं. आणखी एक नोंद त्यांच्या साक्षीत आहे. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. पहाटे रानात एकट्या बसून त्यांनी मागितलं की या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५. मागता मागताच त्यांना जाणवलं की देव उलट विचारतो आहे, मी हे करू शकतो असं तुला वाटतं का?

उत्तर आलं ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. आईवडिलांच्या पोटातली भूक त्यांना परक्या मुलींच्या डोळ्यांत ओळखता आली, हे वेगळं सांगायला नको. सदन एव्हाना पुण्यात हललं होतं, पण तिथे प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला नेलं. तिथली शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. पुढेमागे फळबागेच्या उत्पन्नावर मुलींचं भागावं, हा विचार त्यामागे होता. प्रार्थनेवर संस्था चालवणाऱ्या बाईने आधी झाडं लावली, यात मला कसलीही विसंगती दिसत नाही. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ‘मुक्ती’तली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शाळा हे सगळं मुलीच चालवायच्या. आलेल्यांपैकी बहुतेकींना ख्रिस्ताचं नावही ठाऊक नव्हतं. रमाबाई त्यांच्या वतीने विश्वास ठेवत होत्या, छपरावरच्या त्या चौघांसारखा.

१९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत रोजच्या प्रार्थनेसाठी एक गट बांधला. सत्तर जणींनी सुरू झालेला हा गट साडेपाचशेपर्यंत वाढला. जूनअखेर तिथे ज्याला ख्रिस्ती मंडळी संजीवन म्हणतात ते आलं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. मिनी एब्रॅम्स या अमेरिकन सहकारिणीने १९०६ साली लिहिलेली पुस्तिका पार चिलीतल्या वालपाराइसोला पोहोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिचा हातभार लागला.

प्रार्थनेला प्रयोगशाळेत बसवायचे प्रयत्नही झाले. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थनेने फरक पडला नाही. होते आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात उलट गुंतागुंत अधिक आढळली, ५९ टक्के जणांत. आकडे खरे आहेत आणि ते झाकण्याचं कारण नाही. पण प्रार्थनेला औषधाची मात्रा मानलं तरच त्यांनी तिचा निकाल लागतो. केडगावच्या विश्वासाचा मुक्काम दुसरीकडे होता. मागणं कोणापुढे मांडायचं हे रमाबाईंनी एकदाच ठरवलं आणि जे मिळेल, जे मिळणार नाही, ते दोन्ही त्याच दाराशी नेलं.

ते नेण्याची वेळ अखेरीसही आली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. साध्या बाईला वाचता यावं असं मराठी त्यांना हवं होतं. काम शेवटच्या टप्प्यात असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ती एकुलती एक मुलगी, शाळांची मुख्य आणि संस्थेची ठरलेली वारस. तिच्या आजारात मुक्तीत प्रार्थना झाल्या नसतील, हे शक्यच नाही. रमाबाईंनी संस्थेसाठी दुसरी वारस नेमली आणि त्या पुन्हा भाषांतराला बसल्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.