सेटिंग ठेवायची कुठे?

वेबसाइट बांधण्याचं 'जँगो' हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं. ॲड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये त्याचं काम सुरू केलं. 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. अजूनही त्याला टाइम झोन सांगितलाच नाही, तर ते शिकागोची वेळ धरून चालतं. लॉरेन्सची वेळही तीच. नव्या प्रकल्पाच्या फाइलीत हल्ली यूटीसी लिहून येतं आणि आपल्याकडचे प्रोग्रामर ते खोडून 'एशिया/कोलकाता' करतात. मुळातलं शिकागो मात्र कुणी हलवलेलं नाही, कारण जुन्या साइटी त्याच्यावर विसंबून असू शकतात. एकदा दिलेलं डीफॉल्ट असं चिवट असतं.

ही झाली अख्ख्या साइटची सेटिंग. एका पानावर किती बातम्या दाखवायच्या, हे मात्र यादीगणिक वेगळं. पूर्वी अशा याद्यांसाठी तयार फंक्शनं असत. नवी गरज निघाली की फंक्शनला आणखी एक पॅरामीटर, आणि ज्याची सोयच नाही ते हवं असेल तर सगळं फंक्शन स्वतः लिहायचं. 2011 च्या 1.3 आवृत्तीत त्यांची जागा क्लासनी घेतली. 'लिस्टव्ह्यू' या क्लासवरून आपला क्लास काढायचा आणि त्यात 'पॅजिनेट_बाय' ला 20 ही किंमत द्यायची, बस. पायथॉन ते नाव आधी ऑब्जेक्टमध्ये शोधते, मग त्याच्या क्लासमध्ये, मग वरच्या क्लासांमध्ये. त्यामुळे जेवढं वेगळं, तेवढंच लिहावं लागतं.

हीच किंमत साइटचे पत्ते लिहिताना 'ॲज_व्ह्यू' ला देऊनही बदलता येते. पण तिथे एक अट आहे: ते नाव क्लासमध्ये आधीपासून असलंच पाहिजे. स्पेलिंग चुकलं तर जँगो तिथेच एरर देऊन थांबतं. साइटच्या सेटिंगच्या फाइलीत तीच चूक केली, तर ते अवाक्षर काढत नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. मला पहिला खाष्टपणा परवडतो.

खरा धोका वेगळाच आहे. दर विनंतीला जँगो व्ह्यूचं नवं ऑब्जेक्ट बनवतं, म्हणजे एका वाचकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये. पण क्लासच्या पातळीवर आकड्याऐवजी लिस्ट ठेवली आणि कोडनं तिच्यातच भर घातली, तर ती लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टांची एकच असते; पहिल्या वाचकासाठी घातलेलं दुसऱ्याच्या पानावर उमटतं. चाचणी करणारा एकटाच असला, तर हे ध्यानातही येत नाही. म्हणून अशा जागी टपल बरा, तो जागच्या जागी बदलता येत नाही.

आणि किंमत वाचकागणिकच बदलायची असेल, म्हणजे लॉगिन केलेल्याला 50 बातम्या आणि बाकीच्यांना 10, तर ॲट्रिब्यूटचा उपयोग नाही. त्यासाठी 'गेट_पॅजिनेट_बाय' ही मेथड आहे. ती आपल्या क्लासमध्ये नव्यानं लिहायची.