हनुवटीतला जादा पार्ट

हॉस्टेलवर टोपणनावं ठेवायला कोणाला शिकवावं लागत नाही. आमच्या विंगमधल्या एकाची हनुवटी जरा मागे आहे, एवढ्यावर त्याला चार वर्षं एक नाव पुरलं. आता नोकरी लागलीय, तर पहिल्या काही पगारांतून चिन इम्प्लांट करणार म्हणतो. म्हणून मी थोडं वाचून काढलं.

इम्प्लांट म्हणजे हनुवटीच्या हाडावर बसवायचा तयार तुकडा. हनुवटीखाली किंवा खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन तो सरकवतात. मटेरियलचा प्रश्न आपल्या ओळखीचाच. सिलिकॉन गुळगुळीत, काढायला सोपं, पण जागचं हलू शकतं. सच्छिद्र पॉलिएथिलिनच्या छिद्रांत ऊती वाढतात, त्यामुळे ते पक्कं बसतं. पण काढायची वेळ आली तर सर्जनची परीक्षा!

जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे तर कुठल्याही ऑपरेशनला लागू. इथली खास भानगड मेंटल नर्व्हची (नावावर जाऊ नका, लॅटिनमध्ये मेंटम म्हणजे हनुवटी). ती दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ठीक होते, क्वचित कायमची राहते. शिवाय सततच्या दाबाने इम्प्लांटखालचं हाड थोडं झिजतं. बऱ्याचदा त्याचा त्रास होत नाही, पण झीज दातांच्या मुळांपर्यंत गेली तर होतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. हनुवटी मागे का आहे? अख्खा खालचा जबडाच लहान असेल, दात नीट जुळत नसतील, तर इम्प्लांट म्हणजे भेगेवर प्लास्टर. रात्री जोरात घोरणं, दिवसा लेक्चरला डुलक्या (सगळ्याच डुलक्यांना हे कारण नसतं म्हणा!) असं असेल तर झोपेत श्वास अडकतोय का ते तपासावं. जिभेचा स्नायू हनुवटीच्या हाडाला मागून जोडलेला असतो आणि इम्प्लांट बसतं पुढून. श्वासमार्ग तसाच राहतो. जिनिओप्लास्टीत हनुवटीचं हाडच कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या प्लेटने बसवतात. ऑपरेशन मोठं, पण हाड आपलंच.

आणि सेल्फीवरून निर्णय नको. जवळच्या कॅमेऱ्यात पुढचा भाग फुगतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार १२ इंचांवरून पुरुषाचं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. फोटो पाच फुटांवरून, बाजूने काढायला सांगा.

डॉक्टर एम.सीएच. प्लास्टिक सर्जन किंवा तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेतले एम.डी.एस. आहेत का ते बघा. आणि इम्प्लांट पुढे काढावं लागलं तर कोण काढणार, खर्च कोणाचा, हे टेबलावर झोपायच्या आधी विचारा.