माळ्यावरचा टीव्ही

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि हळूहळू दिवाणखान्यांत लाकडी पेटीतला टीव्ही आला. काही घरांत तो अजून माळ्यावर आहे. खाली काढलात, तर लगेच प्लग लावू नका.

त्याच्या वीजपुरवठ्यातल्या कंडेन्सरला, बँकेत हयात घालवलेला मी, बचत खातं म्हणतो. वीज लाटांनी येते. भरतीला तो साठवतो, ओहोटीला देतो. वर्षांनुवर्षं पडून आतला द्रव सुकतो. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकतात, आवाजात घरघर येते. कधी तो शॉर्ट होऊन इतर भागही जाळतो.

नवा कंडेन्सर स्वस्त असतो. मायक्रोफॅरड जवळपास तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त आणि अधिक-उणे टोकं अचूक हवीत. मात्र प्लग काढल्यावरही आत जीवघेणी शिल्लक उरू शकते. ती रेझिस्टरमधून उतरवणं जाणत्या मेकॅनिकचंच काम.

दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २०२२पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झालं. सेट-टॉप बॉक्स, मॉड्युलेटर जोडावे लागतील. हिशेबाने हा व्यवहार तोट्याचाच. तरी ज्या पेटीपुढे सारी आळी सतरंजीवर बसली, ती एका सुकल्या कंडेन्सरपायी भंगारात देऊ नये.