कंदांच्या कोठारातला वायू
ट्यूलिपचा कंद कोठारात निपचित दिसला तरी त्याचे श्वसन चालूच असते: साठवलेली शर्करा जाळायची, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकायची. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक हवेत मिसळले की श्वसनाचा वेग वाढतो, साठा लवकर झिजतो. आतली फुलकळी सुकते, कंदातून डिंक पाझरतो. नेदरलँड्समधल्या कोठारांत हा वायू येतो मुख्यतः फ्युजेरियम बुरशी लागलेल्या कंदांतून. म्हणजे थोड्या रोगट कंदांची शिक्षा धडधाकट शेजाऱ्यांना! हवेच्या १ कोटी भागांत १ भाग इथिलीनही धोक्याचे मानतात. म्हणून तिथे पंखे अखंड फिरवत. वीज भरमसाट लागे. आता अनेक ठिकाणी इथिलीन मोजून गरजेपुरतीच हवा खेळवतात. घरी कंद ठेवलेत, तर इथिलीन सोडणारी पिकती केळी-सफरचंदे त्यांच्याजवळ ठेवू नका.