मोठा पडदा कोणाच्या मेजावर?

सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील कित्येकांचा चरितार्थ कापडधंद्यावर चालतो. पूर्वी चौकटीच्या कागदावर घरे भरून रेखली जाणारी साडीची वेलबुट्टी आज संगणकाच्या पडद्यावर उतरते. म्हणूनच या पडद्याचा प्रश्न हौसेचा नव्हे. तो कारागिराच्या डोळ्यांचा आहे.

१९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत पडद्यावर ६४० गुणिले ४८०, म्हणजे सुमारे ३ लाख बिंदू मावत. आजच्या ‘फोर-के’ पडद्यावर ते ८३ लाखांच्या घरात आहेत आणि त्याच्या चौपट बिंदूंचे पडदेही निघाले आहेत. मात्र नुसता आकार वाढून भागत नाही. बिंदू तेवढेच ठेवून पडदा मोठा केला, तर बिंदूच फुगतो आणि बुट्टीची कड दातेरी दिसते. दोन्ही वाढले, तरच काठ आणि पदर एका नजरेत येतात, टाकाही स्पष्ट दिसतो. देवनागरीतील जोडाक्षरे आणि अनुस्वारही स्वच्छ वाचता येतात.

असे पडदे पुढेमागे स्वस्त होतील. प्रश्न आहे तो ते प्रथम कोणाच्या मेजावर येणार हा. मालकाच्या कचेरीत शोभेला मोठा पडदा आणि दिवसभर नक्षी रेखणाऱ्यापुढे जुनाच, असे होता कामा नये. ज्याची नजर झिजते त्याची सोय आधी व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.