विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारचा ‘अस्सल’ जॅक ओळखायचा कसा?

पंक्चर झाल्याशिवाय जॅकची आठवण कुणाला होत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात मात्र हाच जॅक स्वतंत्रपणे विकला जातो आणि त्याचे चांगले पैसेही येतात. ‘कारखान्यातून गाडीसोबत आलेला’ असे म्हटले की किंमत चढते. फसवणुकीला वाव असतो तो इथेच.

जॅकला एवढे महत्त्व का?

अमेरिकेत १९७४ पासून ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ ही संस्था आहे. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली, तशीच आज आहे का, हे तिचे परीक्षक बारकाईने पाहतात. इंजिन सहसा गाडीतच राहते, जॅक मात्र मालक बदलता बदलता कुठल्या तरी गॅरेजमध्ये राहून जातो. त्यामुळे मूळ जॅक दुर्मीळ.

नाव कोरलेले असले की झाले?

नाही, आणि सर्वाधिक गल्लत इथेच होते. गाडी बनवणाऱ्या कंपन्या जॅक बहुधा बाहेरून घेत. पोर्श ३५६ आणि सुरुवातीच्या ९११ सोबत जर्मनीच्या बिलस्टाइनचा जॅक येई. आज हे नाव शॉक अॅब्सॉर्बरसाठी प्रसिद्ध आहे. पण बिलस्टाइन फोक्सवॅगन आणि मर्सिडीजलाही जॅक पुरवत असे. म्हणजे ‘बिलस्टाइन’ हा ठसा खरा असूनही जॅक दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. जग्वार ई-टाइपच्या बाबतीत ब्रिटनची मेटॅलिफॅक्चर, तर १९६०च्या दशकातील फेरारींच्या बाबतीत इटलीची बात्ताइनी ही नावे शोधली जातात. तिथेही नियम तोच. नावावरून जॅक कुणी बनवला एवढेच कळते, कोणत्या गाडीसाठी ते नाही.

मग पाहायचे काय?

आधी उचलणारा भाग पाहा. ३५६ आणि जुन्या ९११मध्ये जॅकचा आडवा हात दरवाजाखालच्या खाचेत बसतो. हात सैल बसत असेल किंवा कानस मारून बसवावा लागत असेल, तर तो जॅक त्या गाडीचा नव्हे.

त्यानंतर तारीख. बिलस्टाइनच्या अनेक जॅकवर तिमाही किंवा महिना आणि वर्ष ठोकलेले असते, उदाहरणार्थ ‘३/६५’. जॅक आधी बनतो, मग गाडीत ठेवला जातो. त्यामुळे त्याची तारीख गाडीच्या निर्मितीच्या थोडी आधीची हवी. १९६५च्या गाडीत १९६८चा जॅक निघाला, तर तो नंतर आणलेला आहे, विक्रेता काहीही सांगो. उलट जॅक गाडीपेक्षा चार-पाच वर्षे जुना असेल, तरीही शंका घ्यावी.

रंगाचे काय? जाड, चकचकीत नव्या रंगाखाली ठशाचे आकडे बुजतात, कधी मुद्दामही बुजवले जातात. आट्यांवर जुने ग्रीस आणि हातात धरायच्या जागी झीज असलेला कळकट जॅक माझ्या मते जास्त विश्वासार्ह.

ओळख पटल्यावर तो वापरायचा का?

प्रदर्शनात मांडायला हरकत नाही. काम करताना मात्र हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि स्टँड लावावेत. मूळ जॅक फक्त चाक बदलण्यापुरता होता, गाडीखाली शिरण्यासाठी कधीच नव्हता. शिवाय या जुन्या पोर्शमध्ये जॅकच्या खाचेभोवतीचा पत्रा आतून गंजतो. वरून रंग छान दिसतो, पण वजन आले की खाच फाटते. म्हणून जॅक लावून पाहण्याआधी तिथे टॉर्च मारून बघा.