व्हिसाची तपासणी आणि घरातले दिव्यांग मूल

‘फिट सर्टिफिकेट द्या’ ही मागणी बोरीवलीतल्या दवाखान्यात दिवसातून एकदोनदा तरी होतेच. कधी शाळेच्या सहलीसाठी, कधी नोकरीवर रुजू होण्यासाठी. गेली काही वर्षे त्यात परदेशी स्थायिक होणाऱ्यांची भर पडली आहे. आय. सी. कॉलनीपासून वसईपर्यंत कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात कोणी नातलग नाही असे घर शोधावे लागेल. मुले धडधाकट असली तर ही तपासणी म्हणजे एका सकाळचे काम. घरात एखादे मूल दिव्यांग असले की मात्र सगळ्या कुटुंबाचा निकाल त्या एका कागदावर अडकतो.

मध्यंतरी असेच एक जोडपे आले. नऊ वर्षांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम. वडील संगणक क्षेत्रात, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या दोन्हींचा विचार चाललेला. एजंटने सल्ला दिला होता, “मुलाचे नाव अर्जात घालूच नका. आजीकडे ठेवा, तिकडे पक्के झालात की बोलावून घ्या.” आजी बरोबरच आल्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, सांभाळायला माझी ना नाही. पण मी पंचाहत्तरची. माझ्या मागे याचे काय?”

त्या घराला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे देतो.

पहिली गोष्ट, ही तपासणी तुमचा नेहमीचा डॉक्टर करू शकत नाही. त्या त्या देशाने नेमलेले डॉक्टर असतात, त्यांना पॅनेल फिजिशियन म्हणतात. मुंबईत असे डॉक्टर आहेत आणि त्यांची यादी त्या सरकारकडूनच मिळते. ऑस्ट्रेलिया व कॅनडासाठी अकरा वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रे आणि पंधरापासून पुढे एचआयव्हीची रक्त तपासणी असते. लहान मुलांची उंची, वजन, वाढ आणि विकास पाहतात. पॅनेल डॉक्टर फक्त आढळले ते लिहून पाठवतो, निर्णय घेत नाही. तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालण्यात किंवा त्याची मनधरणी करण्यात अर्थ नाही.

निर्णय घेणारे ‘हे मूल आजारी आहे का’ असे विचारत नाहीत. ‘याच्यावर आमच्या सरकारचा किती खर्च होईल’ असे विचारतात. हा हिशेब ऐकताना आईबापांच्या पोटात कालवते, पण तो समजून घेतलाच पाहिजे.

ऑस्ट्रेलियाने या खर्चाची मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० डॉलर केली. आधी ती ५१,००० होती. रुपयांत ही नवी मर्यादा पन्नास लाखांच्या घरात जाते. कायम वास्तव्याच्या अर्जात खर्च साधारण पाच वर्षांचा धरतात. पण अवस्था कायमची आणि तिची वाटचाल अंदाज करण्याजोगी असेल, तर दहा वर्षांपर्यंतचा धरतात. येथे अनेकांची फसगत होते. “आम्ही सरकारकडून एक पैसा घेणार नाही, खाजगी विमा काढू” असे लिहून देऊन भागत नाही. तशा अवस्थेच्या माणसाला ज्या सेवा मिळू शकतात त्यांची किंमत धरतात, मग तुम्ही त्या वापरा अथवा न वापरा. आणि घरातला एक नापास झाला की सगळे नापास. काही प्रकारच्या व्हिसांत, उदाहरणार्थ मालकाने पुरस्कृत केलेल्या किंवा जोडीदाराच्या, सवलत मागता येते. गुणांवर मिळणाऱ्या स्वतंत्र कुशल व्हिसात ती नाही. त्यामुळे व्हिसाचा प्रकार निवडण्याआधीच हे विचारा.

ऑस्ट्रेलियाच्या अपंग भेदभावविरोधी कायद्यातून (१९९२) स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे. मला हे खटकते. २००८ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शम या छोट्या गावात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला, मुलाला डाऊन सिंड्रोम आहे म्हणून कायम वास्तव्य नाकारले. गावाला डॉक्टर हवा, त्याचे मूल नको, असा हा प्रकार! लोक उठले, मंत्र्यांनी लक्ष घातले आणि परवानगी मिळाली. २०२३ मध्ये पर्थला राहणाऱ्या एका केरळी कुटुंबावर हीच पाळी आली. दहा वर्षांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम, आईवडील दोघे नोकरीत. देश सोडायची मुदत तोंडावर आली असताना मंत्र्यांनी स्वतःचा अधिकार वापरून त्यांना ठेवून घेतले. पण मंत्र्याच्या दयेवर कोणी घरदार विकून निघू नये.

कॅनडाची गोष्ट वेगळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या प्रकरणात सांगितले, की नुसते निदान पाहून नकार देता येणार नाही, त्या मुलाची आणि कुटुंबाची प्रत्यक्ष परिस्थिती पाहावी लागेल. पुढे २०१८ साली खर्चाची मर्यादा तिप्पट झाली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळला. डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, मतिमंदत्व (हा जुना शब्द, आता बौद्धिक अक्षमता म्हणतात) अशा मुलांसाठी हा मोठा दिलासा, कारण त्यांच्यावरचा बराचसा खर्च शाळेचाच असतो. २०२४ साठी मर्यादा पाच वर्षांना १,३१,१०० कॅनेडियन डॉलर होती. आता अडचण मुख्यतः डायलिसिस किंवा फार महागडी औषधे कायम लागणाऱ्यांची.

ब्रिटनमध्ये मुलाच्या अपंगत्वाच्या खर्चाचा असा हिशेब नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी भारतीयांना क्षयरोगाची तपासणी लागते आणि आरोग्य अधिभार भरावा लागतो. अमेरिकेने बौद्धिक अक्षमतेवरून प्रवेश नाकारण्याची जुनी तरतूद १९९० च्या कायद्याने काढली. तेथे आर्थिक आधाराचे कागद मात्र बारकाईने पाहतात.

आता एजंटच्या सल्ल्याकडे. मूल बरोबर येणार नसले तरी कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जात त्याचे नाव लिहावे लागते आणि त्याची तपासणीही व्हावी लागते. लपवले, तर पुढे त्याच मुलाला कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो. शिवाय खोटी माहिती उघडकीस आल्यास पाच वर्षे अर्जबंदी. ऑस्ट्रेलियात ती तीन वर्षांची, आणि तेथेही कायम वास्तव्यासाठी मागे राहणाऱ्या मुलाची तपासणी मागतात. म्हणजे ‘आजीकडे ठेवा, मग बोलवा’ या सल्ल्यात ‘मग’ बहुधा येतच नाही.

मूल मोठे असले तरी निराश होऊ नका. अपंगत्वामुळे आईवडिलांवर अवलंबून असलेल्या प्रौढ मुलाला कॅनडा वयाच्या बाविशीनंतरही अवलंबित मानते, मात्र हे अवलंबित्व बाविशीच्या आधीपासूनचे हवे.

कागदांबद्दल थोडे. आपल्याकडे अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्का लिहिलेला असतो. सवलतींसाठी तो जितका जास्त तितके बरे, म्हणून पालक तोच कागद पुढे करतात. तिकडच्या अधिकाऱ्याला ‘७५ टक्के’ यावरून काहीच कळत नाही. मूल स्वतः जेवते का, शौचाला सांगते का, कपडे घालते का, किती शब्द बोलते, फिट येतात का, कोणते औषध किती चालू आहे, हे त्याला हवे असते. बालरोगतज्ज्ञाचे ताजे पत्र, शाळेचा प्रगती अहवाल, थेरपिस्टची नोंद आणि मानसशास्त्रज्ञाची चाचणी घ्या. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, ती आपल्याकडे सर्रास होते आणि रोजच्या जगण्यातली क्षमता चांगली दाखवते. हृदयाचे ऑपरेशन झाले असेल तर त्याची जुनी फाइल आणि अलीकडचा इको जोडा. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत थायरॉइडचा अहवालही लागतो. यातला एकही कागद गोडगोड लिहून मागू नका. मी तरी तसा लिहून देत नाही.

अधिकाऱ्यांना शंका आली तर नकार देण्याआधी ते पत्र पाठवून खुलासा मागतात. त्यात उत्तराची मुदत दिलेली असते. हे पत्र आले की एजंटवर सोडू नका. ते घेऊन तज्ज्ञ डॉक्टर आणि स्थलांतराच्या कायद्याचा जाणकार, दोघांकडे जा. तपासणीचा निकाल साधारण बारा महिने चालतो, म्हणून ती फार आधीही उरकू नका. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत मुलाच्या विशेष शाळेतून दाखला काढू नका. तेथे पुन्हा जागा मिळायला वर्ष वर्ष थांबावे लागते.